‘मुलगा असून हे कसलं काम?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. गाव आणि नावं तुमच्या सांगण्याप्रमाणे गाळली आहेत. मुलगा पुण्यात बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आजोबांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नळी काढल्यावर लघवी थांबेना. डायपर आला, भजनाला जाणं सुटलं, चारचौघांत बसणं सुटलं. मग एका फिजिओथेरपिस्टने काही महिने व्यायाम करून घेतले, आणि आजोबा परत एसटीने पंढरपूरला जाऊन आले. तेव्हापासून मुलाने घेतलंय मनात की आपण पेल्विक, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपीच करायची. वडील म्हणतात, ‘ऑर्थो कर, स्पोर्ट्स कर. मुलगा असून हे कसलं काम? बायकांच्या लघवीचे आजार बघत बसणार का?’ तुम्ही विचारलंय की हे खरंच वेगळं काम आहे का, मुलाला त्यात कोणी उभं करेल का, पोट भरेल का, आणि पाहुण्यारावळ्यांना सांगायचं काय.

काम आहे, आणि भरपूर आहे. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांत गर्भाशय ही सगळी त्या झोळीच्या आधाराने राहतात. ती सैल पडली, फाटली, किंवा उलट सतत आवळून राहिली, की तक्रारी सुरू होतात. खोकलं-शिंकलं की लघवी निसटते, संडासापर्यंत पोचेपर्यंत धीर धरवत नाही, अंग बाहेर येतं, जोर लावूनही पोट साफ होत नाही, शरीरसंबंधात दुखतं, बसलं की माकडहाड ठणकतं. यातलं प्रत्येक दुखणं व्यायामाने बरं होतं असं नाही. पण बऱ्याच जणांत ऑपरेशनच्या आधी, आणि काहींत ऑपरेशनऐवजी, फिजिओथेरपी करून बघायची असते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2019 ची मार्गदर्शिका सांगते की खोकताना-शिंकताना लघवी जाणाऱ्या बाईला पहिला उपचार म्हणून किमान 3 महिने देखरेखीखाली या स्नायूंचा व्यायाम द्यावा. दिवसातून 3 वेळा, दर वेळी निदान 8 आकुंचनं. ‘देखरेखीखाली’ हा शब्द मुलाने अधोरेखित करून ठेवावा, कारण त्याची पुढची फी त्या शब्दाची असणार आहे. नुसतं ‘आवळा आणि सोडा’ सांगितलं की कितीतरी जणी पोट आवळतात, मांड्या आवळतात, श्वास रोखतात आणि खाली जोर लावतात. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांनी यूट्यूब बघून हाच व्यायाम केला तर दुखणं वाढूही शकतं. कुणाला आवळायला शिकवायचं आणि कुणाला सोडायला, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आता ‘मुलगा असून’चं बघू. या व्यायामांना जगभर ‘केगल’ म्हणतात ते ज्यांच्यावरून, ते डॉ. आर्नल्ड केगल अमेरिकेतले पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांचा गाजलेला लेख 1948 सालचा. पण हे उदाहरण वडिलांच्या तोंडावर फेकू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. आपल्याकडची बाई पुरुष डॉक्टरकडे बाळंत होते कारण तिथे दुसरा इलाज नसतो. तीच बाई आठवड्याला एकदा, तीन महिने, पुरुष फिजिओथेरपिस्टकडे अशा तपासणीसाठी येईल का? बहुतेक नाही येणार. आणि तिने येऊ नये असं वाटलं तर तो तिचा हक्क आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 650 बायका तपासल्या, त्यांतल्या 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. मोबाइल आले, दवाखाने वाढले. तोंड उघडण्याच्या बाबतीत मला अजूनही फार फरक दिसत नाही. तेव्हा मुलाने बायकांचं पेल्विक क्लिनिक डोळ्यांसमोर ठेवून या वाटेला जाऊ नये. गेला तर दाराबाहेरची पाटी रंगवून माशा मारायची वेळ येईल.

त्याने पुरुषांकडे बघावं. एवढ्यासाठीच हे पत्र छापायला घेतलं.

पुरुषांना ही झोळी असते हेच बऱ्याच घरांत माहीत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरची गळती तुम्ही घरात पाहिलीत. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांचं ओटीपोटाचं, जांघेतलं, लघवीच्या वाटेचं जुनाट दुखणं ही दुसरी मोठी गोष्ट. ‘प्रोस्टेटला सूज आहे’ म्हणून अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स होतात, तपासणीत जंतू सापडत नाहीत, माणूस खचतो आणि शेवटी एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ लिहिलेल्या नंबरला फोन लावतो. यांतल्या बऱ्याच जणांचे स्नायू सतत आवळलेले असतात आणि ते सोडायला शिकवणं हे फिजिओथेरपीचं काम आहे. मणक्याला मार लागून मूत्राशयावरचा ताबा गेलेले रुग्ण असतात, गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दिवसातून पंधरा वेळा संडासला पळणारे असतात, जोर लावताना स्नायू सैल सोडण्याऐवजी उलट आवळणारे बद्धकोष्ठाचे रुग्ण असतात. ही माणसं बाई फिजिओथेरपिस्टसमोर तोंड उघडत नाहीत, जशा बायका पुरुषासमोर उघडत नाहीत. आणि आपल्याकडे या शाखेत जवळपास सगळ्या मुलीच आहेत. म्हणजे ज्या कारणासाठी वडील नको म्हणतात, त्याच कारणाने तुमच्या मुलाची तिथे गरज आहे.

एक गोष्ट मात्र मुलाला आत्ताच कळलेली बरी. आजोबा बरे झाले त्यात व्यायामाचा वाटा किती आणि नुसत्या काळाचा किती, हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. प्रोस्टेट काढल्यानंतरची गळती पुष्कळ जणांत वर्षभरात आपोआपही कमी होत जाते. 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच ब्रिटनमधली एक मोठी चाचणी आली होती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांना समोर बसवून व्यायाम शिकवले, उरलेल्यांना नेहमीची सेवा दिली. वर्षाअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बायकांच्या खोकताना होणाऱ्या गळतीत व्यायामाच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. पुरुषांच्या या गळतीत तो तसा नाही. म्हणून कुणी शिकवू नये असं नाही. किती वेळा भेटायचं, ऑपरेशनच्या आधीपासून सुरुवात करायची का, कोणत्या रुग्णाला जास्त फायदा होतो, हे प्रश्न उघडे आहेत आणि एखाद्या हुशार मुलाने एमपीटीएचच्या, म्हणजे मास्टर्सच्या, प्रबंधाला घ्यावेत असे आहेत. पण ‘माझ्या आजोबांना गुण आला’ एवढ्या भांडवलावर आयुष्य बेतू नये. त्याला तो पेपर शोधून वाचायला सांगा. वाचूनही उत्साह टिकला तर पोरगा खरा आहे.

आता शिक्षणाचं. आधी बीपीटीएच आणि इंटर्नशिप नीट पुरी होऊ दे, महाराष्ट्र ओटीपीटी कौन्सिलची नोंदणी होऊ दे. मग पीजीपी-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं एमपीटीएच. आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात स्त्रीआरोग्याचा भाग साधारण कम्युनिटी फिजिओथेरपीत येतो. बेळगावच्या केएलईमध्ये प्रसूती-स्त्रीरोग फिजिओथेरपीचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या मुलासाठी माझी पसंती वेगळी आहे. त्याने न्यूरो (मेंदू-मज्जासंस्था) किंवा मस्क्युलोस्केलेटलमध्ये (हाडं-स्नायू, म्हणजे आपलं ऑर्थो) मास्टर्स करावं आणि पेल्विकचं प्रशिक्षण त्यावर चढवावं. न्यूरो केलं तर मणक्याच्या रुग्णांच्या मूत्राशयाचं काम हातात येतं, मस्क्युलोस्केलेटल केलं तर कंबर, खुबा आणि माकडहाडाचं. पेल्विकचे रुग्ण नसतील त्या महिन्यांतही चूल पेटती राहते. वडिलांचं ‘ऑर्थो कर’ अगदीच चुकीचं नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा. जरा बरं वाटेल.

सुट्टीत त्याने मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आणि पुण्यातच खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर बघून यावं. कॉलेजमार्फत रीतसर परवानगी काढून. कंबरेखालची संवेदना गेलेला जवान लघवीचं वेळापत्रक कसं सांभाळतो हे एकदा जवळून पाहिलं, की या कामाकडे लाजेने बघणं आपोआप संपतं.

प्रशिक्षणात एक अडचण येणार. पेल्विक तपासणी शिकायची ती बव्हंशी स्त्रीरोग विभागात, आणि तिथे रुग्ण ‘मुलगा नको’ म्हणणार. काही वेळा सिस्टरच दारातून परत पाठवतील. रुसून चालणार नाही. यूरोलॉजी आणि पोटाच्या सर्जरीच्या ओपीडीत उभं राहायची परवानगी मागायची. परदेशी व्हिडिओंत फिजिओथेरपिस्ट पडद्यावर स्नायू दाखवत व्यायाम घेताना दिसतो, तेही इथे सरसकट जमत नाही, कारण सोनोग्राफीचं यंत्र आपल्याकडे 1994 च्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली येतं. फिजिओथेरपिस्टने ते असंच क्लिनिकमध्ये आणून ठेवता येत नाही. बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला हे रुग्णाला यंत्रावर दाखवणं), त्वचेवर लावायचे इलेक्ट्रोड, लघवीची तीन दिवसांची डायरी आणि तपासणारं बोट, यांवर इथलं काम चालतं.

बोटाचा उल्लेख आला म्हणून थोडं कडक बोलते. आतली तपासणी सांगून, लेखी संमती घेऊन, रुग्णाच्याच लिंगाची तिसरी व्यक्ती खोलीत ठेवून, हातमोजे घालून करायची, आणि रुग्ण मध्येच ‘थांबा’ म्हणाला तर त्या क्षणी थांबायचं. लहान मुलांत ती करायचीच नाही. एका गोष्टीची संमती म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावलेलं आहे. तो डॉक्टरांचा खटला होता, पण धडा सगळ्यांना सारखा. पुरुष फिजिओथेरपिस्टवर एक खोटी तक्रार आली तरी गावात दुकान बंद होतं, आणि खरी आली तर ते व्हायलाच हवं. मुलाला हे जाचक वाटत असेल तर स्पोर्ट्स फिजिओथेरपी चांगली आहे.

पैशाचं विचाराल तर पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. बीपीटीएचनंतर 15 ते 20 हजारांवर राबणारी मुलं माझ्याकडे येत असतात, आणि पेल्विक म्हणून सुरुवातीला कुणी वेगळे देत नाही. कमाई वाढते ती यूरोलॉजिस्ट आणि पोटाच्या सर्जनांनी रुग्ण पाठवायला लागल्यावर. त्यासाठी पाच-सहा डॉक्टरांशी मुलाची नीट ओळख हवी आणि प्रत्येक रुग्णाचा एका पानाचा अहवाल त्यांना परत जायला हवा. हा अहवाल लिहायचा कंटाळा करणारे फिजिओथेरपिस्ट मी फार बघते आणि मग ‘डॉक्टर केस पाठवत नाहीत’ हे रडगाणंही ऐकते. तालुक्याच्या गावी फक्त एवढ्यावर भागणार नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी मोठ्या हॉस्पिटलशी जोडून घेतलं तर भागतं. परदेशाचा विचार असेल तर प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी, अमेरिकेत पदवीचं मूल्यमापन आणि वेगळी परीक्षा. ते आत्ता डोक्यात घेऊ नका.

फिजिओथेरपिस्टला नावाआधी ‘डॉक्टर’ लावता येतं का, हे तुम्ही शेवटी बारीक अक्षरात विचारलंय. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राकडून ‘लावू नये’ असं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. वाद चालू आहे. त्या दोन अक्षरांसाठी मुलगा या क्षेत्रात आलेला नाही, तुम्हीही त्यात अडकू नका.

राहिले पाहुणे. त्यांना ‘फिजिओथेरपी करतो, ऑपरेशननंतरच्या रुग्णांना उभं करतो’ एवढं सांगितलं तरी ते खोटं नाही. स्थळ बघायच्या वेळी मात्र मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं मोकळेपणी सांगा, आधीच. आणि यजमानांशी बोलायचं असेल तर तुम्ही बोलू नका, मीही नको. सासऱ्यांना बोलू दे. त्यांना काय झालं होतं आणि तेव्हा कोणाची गरज होती, हे यजमानांना त्यांच्या बापाने सांगितलं तर ऐकलं जाईल.

मुलाला परीक्षेनंतर माझ्याकडे पाठवा. येताना 2011 चा तो पेपर वाचून, त्यात त्याला काय खटकलं ते एका कागदावर लिहून आणायला सांगा.