वाचक विचारतात: थंडीतलं पॅडलबोर्डिंग

आम्ही चौघं डिसेंबरात पहाटे हिडकलच्या जलाशयात पॅडलबोर्डिंग (फळीवर उभं राहून वल्हवणं) करायचं म्हणतोय. वेटसूट (पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) घ्यायलाच हवा, की स्वेटर-जर्किनवर भागेल? (खानापूर)

स्वेटर आणि जाड जर्किन काठावर ठेवा, परत आल्यावर लागतील. पाण्यात भिजले की ते जड होतात आणि पोहताना हात अडतो.

आपल्याकडच्या थंडीची रीत वेगळी आहे. पहाटेची हवा पटकन गार होते, पण मोठ्या धरणाचं पाणी दिवसाची ऊब बराच वेळ धरून ठेवतं. म्हणून सूर्योदयाला पाण्यावर वाफ दिसते, आणि पडलात तर पाणी चक्क कोमट वाटतं. खरा गारठा सुरू होतो तो बोर्डवर परत चढल्यावर, ओल्या अंगाला वारा झोंबायला लागला की. कपडे त्या हिशेबाने निवडा. अंगालगत पॉलिस्टरचा घट्ट पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर वारा अडवणारा पातळ विंडचीटर आणि सगळ्यात वर लाइफ जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळेपर्यंत अंगातली ऊब ओढत राहतं.

वेटसूटचं उत्तर थर्मामीटर देईल. दोरीला बांधून तो हातभर खोल सोडा आणि दोन मिनिटांनी बघा. पाणी 21 अंशांच्या खाली असेल तर 3/2 मिमीचा वेटसूट घाला, म्हणजे छाती-पाठीला 3 आणि हातापायांना 2 मिमी जाडीचा. 15 अंशांच्या खाली असेल, जसं हिमालयातल्या तळ्यांत असतं, तर नवख्याने जाऊच नये. इतक्या गार पाण्यात पडताक्षणी आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि पुढचं मिनिटभर धाप आवरत नाही. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो. लाइफ जॅकेट हवं ते या पहिल्या मिनिटासाठी. ते बोर्डला बांधून ठेवलं तर काही उपयोग नाही, अंगातच हवं.

घरी गच्चीवर दुपारी बोर्डमध्ये 15 पीएसआय हवा भरली होती. सकाळी पाण्यावर बोर्ड मधेच वाकायला लागला. गळती असेल का? (निपाणी)

बहुधा नाही. 30 अंशांच्या उन्हात भरलेली हवा 15 अंशांना आकसते आणि दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. हवा काठावरच भरा. मग बोर्ड दहा मिनिटं पाण्यात ठेवा, दाब पुन्हा मोजा आणि कमी पडेल तेवढी हवा घाला. बोर्डवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जाऊ नका. तरीही शंका असेल तर व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह पान्याने घट्ट करा.

उलटी चूक जास्त महागात पडते. पाण्यातून काढलेला बोर्ड दुपारी उन्हात किंवा बंद गाडीत तसाच ठेवला तर दाब चढून शिवण उसवते. बाहेर काढल्याबरोबर थोडी हवा सोडा.

आम्हाला कृष्णा नदी जवळ आहे. तिथेच केलं तर? (अथणी)

नको. कृष्णेत मगरी आहेत, आणि थंडीच्या दिवसांत त्या ऊन खायला काठावर येऊन पडतात. तुम्ही बोर्ड उतरवणार तो काठही तोच. दांडेलीच्या काळी नदीतही मगरी आहेत. तिथे जायचंच असेल तर रोज त्या पाण्यात उतरणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाबरोबरच जा. वर सूपा धरण आहे, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की बघता बघता ओढ वाढते.

वाहत्या पाण्यात घोट्याला लीश (बोर्ड आणि माणूस जोडणारी दोरी) बांधू नका. ती खडकात किंवा फांदीत अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेच्या पट्ट्याची, एका ओढीत सुटणारी लीश लागते. घोट्याची गुंडाळी लीश साठलेल्या पाण्यासाठी.

जलाशयावरही आधी पाटबंधारे खात्याची परवानगी विचारा. राकसकोपच्या जलाशयातून बेळगावला पिण्याचं पाणी जातं, तिथे उतरण्याचा विचारच नको. घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात थंडीत क्रौंच उतरतात, त्या भागापासून लांब राहा. मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले तर लांबून वळा, बोर्डखालची फिन जाळ्यात अडकते आणि त्यांचंही नुकसान होतं.

पडल्यावर परत चढायला जमत नाही, त्यात वारा सुटला की काठ लांब जातो. (बेळगाव)

चढायचा सराव छातीभर पाण्यात करा, पाच वेळा सलग जमेपर्यंत खोल जाऊ नका. आधी पॅडल बोर्डवर आडवं ठेवा. मधल्या मुठीजवळ या आणि एका हाताने मूठ धरा. पाय मागे पसरून पाण्याच्या वर आणा, जोरात पाय मारत पोटावर सरका. पाय बोर्डखाली लोंबत राहिले तर बोर्ड अंगावर उलटतो, बहुतेकांचं तिथेच चुकतं. उशीरही करू नका, बोटं बधिर झाली की मुठीवरची पकड सुटते.

धुकं असेल तर पलीकडचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. ऊन चढलं की वारा वाढतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा. दमल्यावर तोच वारा परत आणून सोडेल. वारा काठाकडून आत वाहत असेल तर फसगत होते, कारण काठाजवळ पाणी शांत दिसतं. अडकलात तर उभे राहू नका, गुडघ्यांवर बसा, तेही जमेना तर पालथे झोपून हातांनी वल्हवा. बोर्ड मात्र सोडायचा नाही.

बाहेर आल्यावर थरथर थांबत नाही. ब्रँडीचा घोट चालेल? (चिकोडी)

नाही. दारूने कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते, पण आतली उष्णता आणखी वेगाने जाते. आडोशाला जा, ओलं सगळं काढा, आधी छाती-पाठ कोरडी करून झाका, मग टोपी. गोड गरम चहा घ्या. हातपाय चोळू नका. जीभ अडखळायला लागली, माणूस भ्रमल्यासारखं बोलायला लागला किंवा तो गारठलेला असतानाच थरथर थांबली, तर त्याला चालवू नका, आडवं ठेवा, खाली-वर घोंगडी घाला आणि 112 लावा. फोन जलरोधक पिशवीत, अंगावर असला पाहिजे.