गावात पैसा आला की शाळा सुधारते का?

तुमचा प्रश्न असा, की कापसाला चांगला भाव मिळून गावाचं उत्पन्न वाढलं तर पोरांचं शिक्षण आपसूक सुधारेल ना? माझ्या मते, पैसा कोणाच्या घरात आला ते आधी बघा.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. विहीर आणि दहा-पंधरा एकर असलेल्याचा चुकारा (विक्रीचा पैसा) मोठा झाला. भूमिहीन घरात मात्र काम वाढलं. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून जितके हात तितकी कमाई. मग दिवाळीनंतर सातवीतली पोरगी आईसोबत शेतात, नाहीतर धाकट्याला सांभाळत घरी. मनीषा शहा आणि ब्राइस स्टाइनबर्ग या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण भारताबद्दल २०१७ साली हेच मांडलं : पाऊसपाणी चांगलं झालं की मजुरी वाढते आणि शाळकरी मुलांचं शिक्षण मागे पडतं. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत चांगला पाऊस लाभलेली मुलं मात्र पुढे अभ्यासात सरस ठरतात, कारण त्या वयात घरच्या पैशाचं अन्न होतं. वयागणिक परिणाम उलटतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. हातात पैसा आला की सधन घरातली पोरं व्हॅनने तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. झेडपीच्या शाळेचा पट घसरतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे पट गेला की पदही जातं. आणि शिक्षक मिळावा म्हणून पंचायत समितीत जाऊन भांडू शकणारा माणूस आता त्या शाळेचा पालकच उरलेला नसतो.

पोरींना शाळेत नेण्यासाठी राज्य सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या बस सुरू झाल्या, तो उपाय खरा होता. आठवीनंतर शाळा दूर असते आणि रोजचं भाडं मजुराला झेपत नाही.

तुम्हाला गावात काही करायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. पण बैठक दुपारी ठेवली तर मजूर आईची रोजी बुडते, ती येत नाही, आणि सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. वेचणीच्या महिन्यांत तरी बैठक संध्याकाळी, कापूस मोजून झाल्यावर घ्या. गैरहजर मुलांची यादी तिथंच मोठ्याने वाचा.