केंडो : घाव डाव्या हाताचा (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकायला लागून काही महिने झाले. शिनाई (सरावाची बांबूची तलवार) समोरच्याच्या डोक्यावर बसते, आवाजही मोठा येतो, पण गुरुजी घाव धरत नाहीत. वर उजवा खांदा दुखतो. चुकतं कुठे?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. तुमचा उजवा हात घाव घालतोय. शिनाई उचलायची आणि खाली आणायची ती डाव्या हाताने. उजव्याने फक्त दिशा द्यायची.

आधी चूदान, म्हणजे शिनाई मध्यावर धरायचा पवित्रा, तपासा. डावी मूठ बेंबीसमोर, पोटापासून साधारण एक मूठ पुढे. डाव्या हाताची करंगळी दांड्याच्या अगदी टोकाला. उजवा हात त्सुबाच्या, म्हणजे गोल चकतीच्या, किंचित खाली. पकड करंगळी आणि अनामिकेची. अंगठा आणि तर्जनी सैल. शिनाईचं टोक समोरच्याच्या गळ्याकडे.

आता ‘मेन’, म्हणजे डोक्यावरचा घाव. डावी मूठ कपाळाच्या वर जाईपर्यंत शिनाई उचला आणि मुठीखालून समोरच्याकडे पाहा. मग सरळ खाली. घाव बसताना उजवा हात खांद्याच्या उंचीला आणि डावी मूठ छातीच्या खालच्या टोकासमोर हवी. त्या क्षणापुरती दोन्ही हातांची पकड ओला कपडा पिळल्यासारखी आत घ्या आणि लगेच सैल सोडा. पकड घट्टच ठेवली की ताण खांद्यात चढतो.

परीक्षा सोपी आहे : घाव बसताच तसेच थांबा. डावी मूठ शरीराच्या मध्यरेषेवरून सरकलेली दिसली, तर काम उजव्याने केलंय. मग शिनाईवरच्या दोरीकडे पाहा. दोरी ही तलवारीची पाठ, तिच्या विरुद्ध बाजूला धार. घावाच्या वेळी दोरी वर हवी; ती बाजूला वळली असेल तर तुम्ही धारेने नव्हे, आडव्या बाजूने मारलंत. आवाज कितीही मोठा आला तरी असा घाव धरत नाहीत. सामन्यातही गुण मिळायला पुरेसा जोश, सरळ अंग, शिनाईच्या टोकाकडच्या ठरलेल्या भागाने आणि धारेच्या बाजूने बसलेला घाव, आणि घावानंतरही टिकलेली सावधता (झानशिन) असं सगळं एकत्र लागतं. तीन पंचांपैकी दोघांचे झेंडे वर गेले तर गुण. घावानंतर मूठ उडवून आनंद दाखवला, तर मिळालेला गुण काढूनही घेतात.

प्रश्न : पाय आपटून उजवी टाच ठणकते. सवयीने कमी होईल का?

उत्तर : सवयीची वाट पाहू नका, पद्धत बदला. उजवा पाय वर उचलून खाली आपटायचा नसतो. तो जमिनीलगत पुढे सरकतो आणि सपाट पडतो. पाय उंच गेला की टाच आधी टेकते आणि सगळा धक्का तिथेच बसतो. मुळात जोर डाव्या पायाचा : उभं राहताना डावी टाच किंचित उचललेली, चवडा सरळ पुढे, डाव्या पायाची बोटं उजव्या टाचेच्या रेषेत. हा पाय बाहेर वळला की रेटा तिरका जातो आणि पोटरी, टाचेमागची शीर ताणली जाते. उजवा पाय पडताच डावा लगेच मागून ओढून घ्या. ठणका जाईपर्यंत पाय न आपटता, फक्त ओकुरी-आशीने म्हणजे सरपटत्या पावलांनी सराव करा. हात आणि पाय एकाच वेळी पोचणं महत्त्वाचं, आवाज नव्हे.

प्रश्न : समोरचा नेहमी आधी मारतो. अडवू की मारू?

उत्तर : नुसतं अडवत राहिलात तर पुढचा घावही त्याचाच. दोघांच्या शिनाईंची टोकं थोडी एकमेकांवर येतात, त्या अंतरावरून एका पावलात घाव पोचतो. तिथे नजर त्याच्या हातांवर खिळवू नका, पूर्ण माणूस पाहा. तो मेनसाठी हात उचलू लागतो त्याच क्षणी त्याच्या उजव्या मनगटावर छोटा घाव : हा देबाना-कोते. हात पूर्ण वर गेल्यावर निघालात तर उशीर झाला. बहुतेकांची खोड म्हणजे घाव चुकवायला मान वाकडी करणं. त्याने अंग तिरकं होतं, घाव दुबळा पडतो. मान सरळ ठेवून पुढेच जा.

समोरचा हललाच नाही, तर हराई-मेन. त्याची शिनाई छोट्या कमानीत बाजूला झटकायची आणि त्याच गतीत वर जाऊन मेन. झटकणं आणि मारणं यांत खंड पडला, की त्याचं टोक पुन्हा तुमच्या गळ्यासमोर येतं.

प्रश्न : शिनाई कधी बदलावी?

उत्तर : दर सरावाआधी चारही कामट्यांवर बोट नव्हे, कापड फिरवा. ते अडकलं तिथे कूस निघालीय. बारीक कूस तासून घासता येते. कामटी चिरली असेल तर ती वापरायची नाही. तुकडा शिरस्त्राणाच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतो. चिकटपट्टी गुंडाळू नका, आतली चीर दिसेनाशी होते. दोरी सैल असेल तर ताणून बांधा, आणि मधला चामडी पट्टा टोकापासून लांबीच्या साधारण पाव भागावर असल्याची खात्री करा.