'आय वॉन्ट इट दॅट वे'चा अर्थ लागत नाही, मग ते गाणं एवढं गाजलं कसं?

तुम्ही विचारलंय की बॅकस्ट्रीट बॉईज या पाच जणांच्या अमेरिकन पॉप गटाच्या या गाण्यात गाणारा एकीकडे म्हणतो 'मला ते तसंच हवंय' आणि धृवपदात लगेच म्हणतो 'हे तुझ्या तोंडून मला कधीच ऐकायचं नाही', मग त्याला हवंय तरी काय? तुमचं इंग्रजी कुठेही कमी पडत नाहीये. या ओळींचा मेळ खरंच बसत नाही, आणि हे तेव्हा रेकॉर्ड कंपनीलाही खटकलं होतं.

गाणं 1999 च्या एप्रिलमध्ये आलं, 'मिलेनियम' अल्बमचं पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून सुटं काढलेलं गाणं, म्हणून. ते लिहिलं मॅक्स मार्टिन आणि आंद्रेयास कार्लसन या दोन स्वीडिश गीतकारांनी. मार्टिनचं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं आणि त्याचा सगळा भर चालीवर. आधी चाल, मग तिच्यात नादाने बसतील ते शब्द. आपल्याला यात नवल वाटायला नको, संगीत नाटकांतली कितीतरी पदं तयार चालींवरच बांधलेली आहेत. फरक एवढाच की आपल्या नाटककारांची भाषेवर हुकमत होती.

कंपनीने मग मट लँग या नावाजलेल्या निर्मात्याकडून शब्द दुरुस्त करून घेतले. त्या आवृत्तीत 'हे तुझ्या तोंडून ऐकायला मला आवडतं' असा अर्थ येतो. एकदम चोख! मुलांनी तीही गाऊन रेकॉर्ड केली, पण शेवटी पाचही जणांचा कौल मूळ शब्दांनाच पडला. माझ्या मते तिथेच हे गाणं वाचलं. दुरुस्त गाण्यात एक सुखी प्रियकर उरतो, बस. मूळ गाण्यात दोघांचं काहीतरी बिनसलंय, नेमकं काय ते कळत नाही, आणि प्रेमात बिनसतं तेव्हा आपल्यालाही ते कुठे धड सांगता येतं?

बाकीचं काम सूर करतात. गिटारच्या सुट्या सुरांवर ब्रायन लिट्रेल जवळजवळ एकटाच सुरू करतो. दुसऱ्या कडव्याला निक कार्टर येतो आणि धृवपदाला सगळे एकदम. 'टेल मी व्हाय' हे तीन छोटे शब्द, प्रत्येकावर ठाम सूर, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या खेपेला सोबत गातो. पेटीवर बसवायचं असेल तर पांढरी सहा धरा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीला सा माना. शेवटाकडे मात्र अख्खी पट्टी चढून पांढरी सातवर जाते, तिथे हात तयार ठेवा. माझ्या अंगावर अजूनही त्याच जागी काटा येतो.

ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत तेव्हा दुकानात सिंगल म्हणून विकायलाच ठेवलं नव्हतं, तरी सहाव्यापर्यंत पोचलं, आणि अल्बमच्या तिथे पहिल्याच आठवड्यात 11 लाखांवर प्रती खपल्या. मे 2023 मध्ये हे पाचही जण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) गाऊन गेले.

लँगने दुरुस्त केलेली आवृत्ती इंटरनेटवर सापडते. आधी ती ऐका, मग लगेच मूळ गाणं लावा. मी कुठल्या बाजूचा आहे ते तुम्हाला कळलंच असेल, तुमचा कौल कमेंटमध्ये जरूर सांगा.