ड्रमस्टिक निवडताना ५ए आणि ७ए यांच्यापलीकडे काय पाहावे?

तुम्ही विचारले आहे की काही महिने ड्रम शिकून झाल्यावर स्वतःची पहिली जोडी घेताना ५ए घ्यावी की ७ए, आणि शिक्षकांच्या हातून खणखणीत वाजणारे राइड सिम्बल, म्हणजे ताल धरायची मोठी धातूची थाळी, तुमच्या हातून बोथट का वाजते. माझ्या मते या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. स्टिकवर छापलेल्या आकड्यावरून जाडीचा अंदाज येतो. हाताला मात्र जाणवतो तिचा तोल आणि कानाला ऐकू येते तिची टिप, म्हणजे पुढचे टोक, आणि या दोहोंबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

हे आकडे अमेरिकेतील जुन्या पद्धतीतून आलेले आहेत. ए ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी आणि एस रस्त्यावरील संचलनासाठी, असा त्या अक्षरांचा मूळ अर्थ होता, आणि आकडा जितका लहान तितकी स्टिक जाड, हा ढोबळ नियम आजही चालतो. विक फर्थ या स्टिक बनवणाऱ्या कंपनीची ५ए स्टिक ०.५६५ इंच, म्हणजे सुमारे १४.४ मिलिमीटर जाड आणि १६ इंच लांब असते. त्यांचीच ७ए ०.५४० इंच जाड व अर्धा इंच आखूड, तर ५बी ०.५९५ इंच जाड. प्रोमार्क या दुसऱ्या कंपनीची नेहमीची ५ए मात्र ०.५५१ इंचांची आहे, म्हणजे विक फर्थच्या ५ए आणि ७ए यांच्या जवळजवळ मधोमध. त्यामुळे एखाद्याने ‘५ए घ्या’ असा सल्ला दिला, तर ती कोणत्या कंपनीची, हे विचारल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ येत नाही.

आता तोलाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने निवडीचा खरा गाभा तोच आहे. स्टिक मागच्या टोकापासून बऱ्याच अंतरापर्यंत सारख्या जाडीची असते आणि मग शोल्डरपासून, म्हणजे जाडी कमी होऊ लागते त्या जागेपासून, टिपेकडे निमुळती होत जाते. या निमुळत्या भागाला टेपर म्हणतात. टेपर लांब असेल तर पुढच्या भागात लाकूड कमी उरते, वजन हाताकडे सरकते आणि स्टिक झटपट उसळून परत येते. टेपर आखूड असेल तर वजन पुढे राहते, स्टिक आपल्या भाराने खाली येते आणि कमी श्रमात मोठा ठोका मिळतो, पण हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या थाळ्यांच्या जोडीवर, वेगाने सोळांश मात्रा वाजवताना तोच भार मनगटाला आवरावा लागतो. हातोडी दांड्याच्या टोकाशी धरली आणि डोक्याजवळ धरली, तर एकाच हातोडीचे वजन जसे वेगळे भासते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच साधारण ५० ग्रॅम वजनाच्या, एकाच जाडीच्या दोन स्टिक्सपैकी एक हलकी आणि दुसरी जड वाटू शकते.

हे दुकानातच तपासता येते. स्टिक तर्जनीवर आडवी ठेवून ती कुठे तोलून राहते ते पाहा आणि त्याच लांबीच्या दुसऱ्या मॉडेलशी ताडून पाहा. एखाद्या सेंटिमीटरचा फरकही हाताला लगेच कळतो. त्यानंतर मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ती अंगठा व तर्जनी यांच्यात सैल धरा, टिप प्रॅक्टिस पॅडवर नुसती पडू द्या आणि तिच्या उड्या ऐका. पकड थोडी मागे, थोडी पुढे सरकवून हेच पुन्हा करा. एका ठिकाणी उड्या सर्वांत जास्त आणि सर्वांत एकसारख्या पडतात. त्या स्टिकची पकडीची जागा ती. तुमचा हात स्वाभाविकपणे जिथे जाऊन बसतो तिथेच ही जागा येत असेल, तर ती स्टिक तुमच्या हाताची आहे, मग तिच्यावरचा आकडा काहीही असो. तुम्ही पूर्वी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला असेल, तर ही चाचणी अधिकच मन लावून करावी. ताशाच्या बारीक काड्या लवतात आणि हाताला त्या लवचिकतेची सवय झालेली असते. ड्रमस्टिक लवत नाही, तिची उसळी ड्रमच्या ताणलेल्या पानातून आणि तोलातून येते. ताशाचा हात घेऊन आलेल्यांना मी बहुधा लांब टेपरची स्टिक सुचवतो.

राइड बोथट वाजण्याचे कारण शोधायचे असेल, तर आधी टिप नखाने चाचपून पाहा. क्लासमधल्या बहुतेक स्टिक्सच्या लाकडी टिपा वापरून वापरून झिजलेल्या, कडेने तंतू निघालेल्या असतात आणि अशी टिप सिम्बलवर पडली की ठोक्याचा स्पष्ट ‘टिंग’ हरवून नुसती गुणगुण उरते. टिप शाबूत असेल, तर तिचा आकार पाहावा. छोट्या गोल टिपेचा स्पर्श सिम्बलला अगदी थोड्या जागी होतो, त्यामुळे आवाज टोकदार आणि स्वच्छ येतो, आणि स्टिक कोणत्याही कोनातून पडली तरी तो फारसा बदलत नाही. अश्रूच्या थेंबासारख्या निमुळत्या टिपेत कोन बदलला की स्पर्शाची जागा कमी-जास्त होते. जॅझ वाजवणाऱ्यांना ती प्रिय आहे, कारण एकाच राइडमधून त्यांना अनेक छटा काढता येतात. ओकच्या फळासारख्या जाड टिपेचा आवाज भरदार आणि पसरट येतो. अमेरिकेतील नायगारा फॉल्स गावच्या जो कॅलाटो या वादकाने १९५८ मध्ये नायलॉनची टिप आणली. तिचे तंतू निघत नाहीत आणि आवाज चमकदार येतो, पण स्टुडिओत, विशेषतः माइक जवळ असताना, ती चमक मला बोचते. नवशिक्याने लाकडी गोल टिपेवर कान तयार करावा, असे माझे ठाम मत आहे.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. हिकरी हे अमेरिकेत कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांसाठी वापरले जाणारे लाकूड. ते धक्का चांगला पचवते, म्हणून बहुतेक स्टिक्स त्याच्याच असतात आणि तुम्हीही तेच घ्यावे. मेपल हलके असते आणि हळुवार वाजवायला सुरेख, पण रिमशॉटच्या, म्हणजे पान आणि ड्रमची कड एकदम ठोकण्याच्या, माऱ्याखाली लवकर मोडते. ओक जड व टिकाऊ असते, मात्र ठोक्याचा हादरा हातापर्यंत अधिक पोहोचवते. अंगठा दुखतो म्हणून आपसूक बारीक स्टिककडे वळू नये. फार बारीक स्टिक निसटू नये म्हणून आपण ती नकळत आवळून धरतो आणि दुखणे वाढते. तुमचा पंजा मोठा असेल, तर ७ए मध्ये हा धोका अधिक आहे.

मॉडेल ठरले तरी जोडी निवडायची राहतेच. लाकूड झाडागणिक बदलते आणि एकाच मॉडेलच्या दोन स्टिक्समध्येही घनतेचा फरक पडतो. बॉस्टन सिम्फनी या ऑर्केस्ट्रात टिंपनी (मोठे नगारे) वाजवणाऱ्या विक फर्थ यांनी १९६३ मध्ये स्टिक्स करायला सुरुवात केली, ती बाजारातल्या स्टिक्सनी त्यांचे समाधान होत नव्हते म्हणून, आणि पुढे त्यांच्या कंपनीने वजनाबरोबरच स्वर जुळवून जोड्या लावण्याचा परिपाठ ठेवला. आपणही तेच करावे. काउंटरच्या काचेवर दोन्ही स्टिक्स एकेक करून घरंगळवा आणि नजर टिपेवर ठेवा. टिप वरखाली नाचू लागली तर स्टिक वाकलेली आहे. मग दोन्ही एकाच कठीण जागेवर, सारख्याच सैल पकडीने हलकेच ठोका. एकीचा स्वर उंच आणि दुसरीचा खाली आला, तर स्नेअर या मुख्य छोट्या ड्रमवर डाव्या-उजव्या हाताचे ठोके कधीच एकसारखे ऐकू येणार नाहीत, आणि तुम्ही विनाकारण आपल्या डाव्या हाताला दोष देत बसाल. शेवटी लाकडाच्या रेषा पाहा: त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर स्टिक बहुधा तिथेच तुटते. दुकानदार कधी कधी कुरकुर करतात, पण मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकाने आहेत, तिथे चार जोड्या काढून पाहणे कुणाला नवल वाटत नाही. ऑनलाइन मागवणार असाल, तर परत करण्याची सोय आहे का ते आधी पाहावे.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: हिकरीची, लांब टेपरची, गोल लाकडी टिपेची ५ए घ्या आणि तीच निदान काही महिने वाजवा, म्हणजे पुढे बदल करताना काय बदलले हे हाताला नेमके कळेल. तळवे घामेजत असतील, तर गुळगुळीत लॅकर (चकचकीत लेप) असलेली टाळून बिनलॅकरची पाहा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, स्टिक्स भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. दमट हवेत त्या वाकतात. आडव्या, बंद पिशवीत ठेवा, आणि टिपेचा पहिला तंतू निघाला की ती जोडी पॅडवरच्या सरावाला काढून सिम्बलसाठी नवी उघडा.