सगळ्यांचा श्वास २० कसा?

प्रिय बेटा,

सिस्टरांच्या मूल्यमापनाचं काम अंगावर पडलं आणि तू आधी छापील फॉर्म शोधायला लागलीस. फॉर्म काय, मिळेल. एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची, तपासणी जवळ आली की नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत तेच फॉर्म फिरतात: 'उत्तम', 'चांगले', 'सुधारणा हवी' आणि खाली इन्चार्जची सही. त्यात सगळ्याच 'चांगल्या' असतात.

तू एखाद्या वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी, घेऊन बस. ताप बदलतो, नाडी बदलते, श्वासाचा मिनिटाचा आकडा मात्र खाटेमागून खाट २०, २०, २०. इतकी माणसं एका तालात श्वास घेतात का गं? रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. तू घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोज आणि चार्टशी ताडून बघ. फरक निघाला तर तिथेच, नातेवाइकांसमोर, तिला फैलावर घेऊ नकोस. आधी पाहा, त्या पाळीत एकीच्या वाट्याला किती खाटा होत्या. तिला मोजता येत नाही, की मोजायला वेळच मिळत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्या दुखण्याचं औषध प्रशासनाकडे असतं. त्यांना ते रुचणार नाही, तरी अहवालात लिही.

जॉर्ज मिलरने १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते कळणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरंच करणं. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवर संपतो. डमीवर कॅथेटर घालून घेतलास तर तिसरी. चौथीसाठी वॉर्डातच उभं राहावं लागतं, तेही रात्रपाळीला. तू उभी आहेस म्हणून पहिल्या दिवशी सगळ्या हात धुतील. चार-पाच वेळा गेलीस की सवयीने कोण धुतं ते दिसेल.

हातांबरोबर डोकंही तपास. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हाचा प्रसंग विचार: बांधकामावरचा मजूर आणला, अंग भाजतंय, ताप १०५, असंबद्ध बडबडतोय. सिस्टर, तुम्ही पहिलं काय करणार? 'डॉक्टरांना कळवून पॅरासिटामॉल देईन' एवढ्यावर ती थांबली तर पुढे विचार, काहून? उष्माघातात ते औषध काम करत नाही. डॉक्टरला हाक मारता मारता कपडे सैल करून, अंगावर पाणी मारून, पंखा लावणारी मुलगी मला हवी, मग तिचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. फर्डं बोलणाऱ्या मुलींना आपण उगाच गुण देतो. म्हणून एकाच सिस्टरला दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि नंतर ताडायचे.

पाहणी चालू असताना कुणी पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये न मिसळता थेट शिरेत द्यायला निघाली, तर परीक्षक वगैरे विसर, हात धर. रुग्णाचं हृदय थांबू शकतं.

आणि तुमच्या आयसीयूतल्या मुरलेल्या सिस्टरला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, टाकलं, तर पहिले काही महिने तिला नवखीच समज. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनरने १९८४ मध्ये हेच सांगितलं. सेवाज्येष्ठता नव्या वॉर्डात जशीच्या तशी चालत नाही. अशी बदली झालेली सिस्टर विचारायला लाजते, त्यामुळे तिच्याकडे आधी जा.

जे दिसलं ते त्याच पाळीत तिला सांग, वर्षअखेरीची वाट पाहू नकोस. आणि एक गोष्ट व्यवस्थापनाकडून लेखी घे: औषधाची चूक स्वतःहून सांगणारीची वेतनवाढ त्यावरून अडवायची नाही. ते मिळालं नाही, तर चुका तुझ्या कानावर यायच्याच बंद होतील.

तुझा मसुदा पाठव. दोन पानांपेक्षा मोठा असेल तर न वाचता परत करीन.

तुझी,
जुनी मेट्रन