व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड', पण सीडी४ फक्त २७०: गोळी लागू पडतेय का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ सातपूरला कंपनीत, शिफ्टची नोकरी. त्याला एचआयव्ही आहे. नाशिकच्या सिव्हिलमधून टीएलडी (तीन औषधं एकत्र असलेली रोजची गोळी) सुरू होऊन सात महिने झाले. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, 'नॉट डिटेक्टेड' (मोजता न येण्याइतकं कमी) आला, पण सीडी४, म्हणजे हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पेशींचा आकडा, १८० वरून २७० पर्यंतच गेला. औषध लागू पडतंय का, सरकारी गोळी हलकी आहे का, आणि आता बंद करता येईल का?

लागू पडतंय, आणि उत्तम. औषधाचं काम व्हायरल लोडवरून कळतं. सीडी४ मागून, सावकाश वाढतो. टीएलडीसारख्या, डोल्युटेग्राविर हे औषध असलेल्या गोळीने विषाणू बहुतेकांत दोन-तीन महिन्यांत दबतो, पण पेशी भरून यायला वर्षं लागतात, त्यात सुरुवात २०० च्या खालून असेल तर जास्तच. ९० ची वाढ व्यवस्थित आहे. कोट्रायमॉक्सॅझोल (इतर जंतुसंसर्ग टाळायची गोळी) चालू असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नका.

गोळी हलकी बिलकुल नाही. तिच्यात टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ असतं. बाहेर पैसे मोजून टीएलडी घेतली तरी हीच तीन औषधं, हेच डोस. पहिली दोन विषाणूला स्वतःच्या आरएनएची (त्याच्या जनुकीय साखळीची) डीएनए नक्कल करू देत नाहीत, तिसरं ती नक्कल पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. तीन एकत्र का? १९८७ मध्ये झिडोव्हुडिन एकटंच द्यायचे, तेव्हा काही महिन्यांत विषाणू त्याला जुमानेनासा व्हायचा. लॅमिव्हुडिन एकटं दिलं तर जनुकातला एकच बदल त्याला पुरतो, तोही काही आठवड्यांत. तिन्ही एकदम असली की एकाच वेळी अनेक बदल जमवावे लागतात, आणि नकलाच होत नसतील तर ते जमत नाहीत. १९९६ पासून मृत्यू झपाट्याने घटले ते याच युक्तीने.

बंद करायचं नाव काढू नका. काही सीडी४ पेशींत विषाणू नुसता झोपून असतो. ही औषधं नकला रोखतात, झोपलेल्याला हात लावत नाहीत. गोळी थांबली की बहुधा दोन ते चार आठवड्यांत लोड परत वर येतो. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर यकृतही भडकू शकतं, कारण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही दाबून ठेवत असतात.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. गोळी रोज घेतो, तरी लोड वाढला, असं झालं की आधी ॲसिडिटीचं औषध विचारावं. रविवारी झणझणीत मिसळ, जळजळ, आणि वर गुलाबी जेलचे दोन चमचे. त्यातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम पोटातच डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएलडी जेलच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर, फक्त भरल्या पोटी जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल गोळीने काही बिघडत नाही.

टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविरची ५० मिग्रॅची जादा गोळी १२ तासांनी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. ती एआरटी सेंटरच (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) देतं, पण टीबीच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलंच नाही तर कोण देणार? फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनही डोल्युटेग्राविरची पातळी पाडतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नको. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक घेऊ नये, टेनोफोविरसोबत किडनीवर ताण येतो. क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) सुरुवातीला किंचित वाढतं ते डोल्युटेग्राविरमुळे, त्यात धोका नसतो. वाढतच गेलं तर मात्र दाखवा.

शिफ्ट बदलते म्हणून मिनिटाचा हिशोब नको. तिन्ही शिफ्टमध्ये जागा असेल अशी एकच वेळ निवडा, तास-दोन तास मागेपुढे चालतात. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी. विसरली तर आठवल्याबरोबर घ्यावी. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. सेंटरवाले किमान ९५ टक्के गोळ्या घेतलेल्या हव्यात असं धरतात, म्हणजे ३० च्या डबीत दोन चुकल्या की आकडा खाली. शिल्लक गोळ्या मोजतात तेव्हा खरं सांगावं, तिथे कोणी रागवायला बसलेलं नसतं.

पुढचा व्हायरल लोड बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. अंगात ताप असताना रक्त देऊ नये, आकडा उगाच वर दिसू शकतो. १००० किंवा जास्त आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी चुकलेल्या गोळ्या आणि जेल-बिल तपासतात, समुपदेशन करतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात.

लग्नाचं तुम्ही शेवटी विचारलंय: लोड २०० च्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जोडीदाराला आधी सांगायचं, आणि मुलाचा विचार असेल तर सेंटरच्या डॉक्टरांशी दोघांनी मिळून बोलायचं.